शाळेचा उंबरठा आणि घरची चूल
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



मला जो विषय देण्यात आला तो 'जगातील दारिद्र्य आणि शिक्षण' असा. विषय एवढा मोठा आहे की तो पुरता मांडायचा तर रात्र सरेल आणि पुढच्या रांगेतली मुले जागच्या जागी झोपी जातील. म्हणून मी जगाची फेरी करणार आहे खरा, पण निघणार आहे आपल्या पुण्यातून आणि परत येणार आहे तेही भवानी पेठेत, मोमीनपुऱ्यात, कोंढव्यातच.

पुण्यातून निघण्याचे कारण असे. जोतिराव फुले हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पण त्यांचे शिक्षण मध्येच तुटले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गोविंदराव फुल्यांनी मुलाला मराठी शाळेत घातले. मुलगा बुद्धीचा होता. पण शिकून हा शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे कोणी तरी बापाच्या मनात भरवून दिले आणि बापाने मुलाला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. आज हातगाडीवाल्याचा किंवा वेल्डिंगवाल्याचा मुलगा शाळेतून निघतो तो असाच निघतो. कोणी भांडत नाही, कोणी दप्तर फेकून देत नाही. एके दिवशी तो कामावर जाऊ लागतो, इतकेच. जोतिरावांच्या बाबतीत पुढे निराळे घडले. शेजारी गफ्फार बेग मुन्शी नावाचे उर्दू-फारसीचे शिक्षक होते. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका युरोपियन गृहस्थांनी गोविंदरावांना गाठले, समजावले, आणि १८४१ साली जोतिराव पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत, जाऊ लागले. सात वर्षांनी, १८४८ साली, त्याच मुलाने बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. मुन्शीजींनी स्वतः कोणती संस्था काढल्याचे मी वाचलेले नाही. त्यांनी एका बापाशी बोलणे केले. एवढ्या कामाचे मोल किती, याचा हिशेब पुण्याने अजून पुरता मांडलेला नाही.

पुढची हकीकत आपल्या संमेलनांत नेहमी सांगितली जाते. १८४९ साली जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना गंज पेठेत आसरा दिला आणि उस्मानभाईंची बहीण फातिमा सावित्रीबाईंबरोबर शिकविण्याच्या कामाला लागली. अलीकडे फातिमाबींच्या अस्तित्वाविषयीच शंका काढण्याची टूम निघाली आहे. सावित्रीबाईंनी १८५६ च्या ऑक्टोबरात माहेरहून, नायगावहून, जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचे नाव आहे, तिच्यावर पडणाऱ्या कामाची काळजी आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी ते पत्र वाचावे. आपण मात्र फातिमाबींची तसबीर वर्षातून एकदा भिंतीवर लावून तिला हार घालतो आणि १८५५ साली फुले दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, ती कशासाठी, हे विसरतो. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा उपयोगी नाही, हे त्यांना तेव्हाच उमगले होते. शाळा असणे आणि शाळेत जाता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, अशी त्यांची तक्रार होती. मुसलमानही या विद्यालयांपासून दूर राहतात, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा देशभर अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. मध्ये १२८ वर्षे गेली. एवढ्या काळात बारा वर्षांच्या मुलांच्या किती पिढ्या म्हाताऱ्या झाल्या याची मोजदाद आपण मनाशी करावी.

या १२८ वर्षांत पुण्याच्या आणखी एका माणसाने खटपट केली होती. गोपाळ कृष्ण गोखले तेरा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्याला शिक्षणासाठी पाठविले. उरलेल्या सातांत त्यांनी आपला प्रपंच चालविला. असा माणूस १९११ साली कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडायला उभा राहिला, तेव्हा त्याला गरिबीची व्याख्या पुस्तकात शोधावी लागली नसणार. विधेयक फार सावध होते. जेथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच बरे आहे अशाच ठिकाणी, तेही नगरपालिकेची किंवा लोकल बोर्डाची तयारी असल्यास, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना सक्ती करावी, आणि ज्या बापाचे उत्पन्न महिना दहा रुपयांच्या आत आहे त्याच्याकडून फी घेऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते. बॅरिस्टर जीनांनी विधेयकाला पाठिंबा दिला होता. १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडले. विरोध करणाऱ्यांत केवळ साहेब नव्हते, आपले जमीनदारही होते; शेतावर पोरे कोठून आणायची, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात हेच करून दाखविले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. त्याच्याही आधी, १९०६ साली, त्यांनी मुसलमान समाजातल्या मंडळींना जमवून कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढविली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे केले. शाळेआधी वसतिगृह, म्हणजे आधी भाकरी आणि मग पाटी, हा त्यांचा क्रम होता. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसवली, तीही याच वाटेने.

गोखल्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपल्या मोहल्ल्यातल्या घराघरांत ती चाललेली आहे, फक्त त्यात भावाच्या जागी बहुतेक वेळा बहीण असते. तीन भावंडांपैकी एकाचीच ऐपत असते तेव्हा कोणाला शिकवायचे, हा निवाडा चुलीपाशी होतो. आई कामाला जाते म्हणून धाकट्याला सांभाळायला नववीतली मुलगी घरी राहते. तिने शाळा सोडली असे कोणी म्हणत नाही; 'सध्या जात नाही' असे म्हणतात. या 'सध्या'ला अंत नसतो. आणि पुढे आपण व्यासपीठावरून बोलतो की समाजात मुलींच्या शिक्षणाविषयी अनास्था आहे. त्या आईला कोणी विचारले आहे काय? तिला अनास्था नाही. तिला पाळणाघर नाही.

आता जगाकडे वळू. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात शाळेबाहेर असलेल्या मुलामुलींची संख्या सुमारे २५ कोटी आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. श्रीमंत देशांत शाळेच्या वयाच्या शंभर मुलांत तीन शाळेबाहेर, तर सर्वांत गरीब देशांत तेहतीस. शिक्षण नाही म्हणून गरिबी आणि गरिबी आहे म्हणून शिक्षण नाही, या रहाटगाडग्यातून देशचे देश कसे बाहेर आले किंवा येऊ पाहत आहेत, ते पाहण्यासारखे आहे.

ज्यांच्याकडे आपण पुढारलेले म्हणून बोट दाखवितो त्या इंग्लंडचेच पाहा. तेथे १८७० साली शाळांचा कायदा झाला, १८८० साली सक्ती आली. पण आठवड्याला मुलामागे काही पेन्स फी चालूच होती. मजुराच्या घरी चार मुले असली की चौघांचे पेन्स. प्राथमिक शिक्षण तेथे बहुतांशी मोफत झाले ते १८९१ साली. म्हणजे त्या वेळच्या साम्राज्याच्या राजधानीलाही कायद्यापासून माफीपर्यंत यायला एकवीस वर्षे लागली.

आफ्रिकेत युगांडाने १९९७ साली प्राथमिक शाळेची फी रद्द केली, तेव्हा एका वर्षात वीस लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली. केनियाने २००३ च्या जानेवारीत तेच केले आणि पटसंख्या सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांच्या आसपास गेली. दुसऱ्या वर्षी किमानी मारुगे नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत बसले, कारण लहानपणी त्यांना शाळा मिळाली नव्हती. 'आमच्या लोकांना शिकायचेच नसते' असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. काल फी होती तेव्हा ती मुले घरी होती, आज फी गेली आणि ती दारात उभी राहिली. एका रात्रीत कोणाची आस्था बदलत नसते. अर्थात पुढे वर्ग तुडुंब भरले, एका शिक्षकापुढे शंभर-शंभर मुले बसली आणि शिकणे किती झाले याविषयी तक्रारी सुरू झाल्या. त्या खऱ्याही आहेत. पण तो दुसरा प्रश्न आहे, आणि मुले आत आल्याशिवाय तो निर्माणही होत नाही.

फी गेली तरी सगळे संपत नाही. मुलगा शाळेत गेला की त्याची मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो. मेक्सिकोने तो ओळखला. १९९७ साली तेथे अशी योजना निघाली की मूल नियमाने शाळेत गेले तर सरकार पैसे देणार, तेही आईच्या हाती. आणि माध्यमिक वर्गांत मुलीसाठी मुलापेक्षा अधिक, कारण त्या वयात मुलीच अधिक गळतात. आपल्या शेजारच्या बांगलादेशाने तर १९९४ सालीच ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींना वेतन सुरू केले. अटी तीन होत्या: पंच्याहत्तर टक्के हजेरी, पंचेचाळीस टक्के गुण, आणि लग्न झालेले नसावे. तिसरी अट मला फार मोलाची वाटते. भाषणे देऊन, हुंड्याविरुद्ध ठराव करून जे झाले नाही ते या अटीने पुष्कळ ठिकाणी झाले. मुलगी शाळेत आहे तोवर घरात चार पैसे येतात म्हटल्यावर बापाने निकाहाची घाई केली नाही. पुढे त्या देशात माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलग्यांहून अधिक झाली.

इंडोनेशिया हा मुसलमानांची सर्वांत मोठी लोकसंख्या असलेला देश. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि त्यांच्या तिजोरीत पैसा आला. त्या पैशातून त्यांनी पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या, आणि बांधताना जेथे शाळेत न जाणारी मुले जास्त तेथे शाळा जास्त, हा नियम ठेवला. या मुलांचे पुढे काय झाले ते एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तपासले: त्यांचे शिक्षण वाढले, मोठेपणी मजुरीही वाढली. पुढे २०१९ साली बाईंना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, मराठी आईचे पुत्र असलेले त्यांचे पती अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासमवेत.

बांगलादेश आणि इंडोनेशिया ही दोन उदाहरणे मी निवडून घेतली आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेल. मुसलमान मागे का, असा प्रश्न आला की बाहेरचे धर्माकडे बोट दाखवितात आणि आपल्यातलेही काही मान डोलावतात. २००१ च्या जनगणनेत केरळमधील मुसलमानांची साक्षरता ८९ टक्क्यांवर होती आणि हरियाणातील मुसलमानांची ४० टक्के. कुराण दोन्हीकडे एकच आहे. आपल्या महाराष्ट्रात त्याच जनगणनेत मुसलमानांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित अधिक, ७८ टक्क्यांच्या आसपास, होती. कारण आपण बहुसंख्येने शहरांत राहतो आणि शहरात चालत जाण्याजोगी शाळा असते. मग गाडे अडते कोठे? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात याचे उत्तर आहे. देशातील सहा ते चौदा वयाच्या मुसलमान मुलांपैकी चौथा हिस्सा एक तर शाळेत गेलाच नव्हता किंवा गेलेला बाहेर पडला होता, आणि पदवीधर शेकड्याला चारही भरत नव्हते. मदरशात जाणारी मुले केवळ तीन टक्क्यांच्या आसपास होती, हेही त्याच अहवालात आहे. पण ते वर्तमानपत्रांना विशेष रुचले नाही. आपण अक्षरओळखीपर्यंत येतो आणि मधल्या जिन्यावर थांबतो.

हा मधला जिना नेमका कोणता, ते सांगतो. शिक्षण हक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंत आहे. ही जेवणाची कल्पना कामराजांनी १९५६ साली मद्रास राज्यात लागू केली आणि तिच्या जोरावर कित्येक पोरे वर्गात टिकली. सरकारी पाठ्यपुस्तके मोफत मिळतात तीही आठवीपर्यंत. उर्दू शाळेचे म्हणाल तर प्राथमिक शाळा वस्तीत असते आणि माध्यमिक शाळेसाठी पुष्कळदा दोन बस बदलाव्या लागतात. आता दुसरी बाजू पाहा. १९८६ चा बालमजुरीचा कायदा २०१६ साली सुधारला. त्याप्रमाणे चौदाच्या आतल्या मुलाला घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर मदत करता येते, इतर ठिकाणी काम करता येत नाही. आणि चौदा पुरी झाली की केवळ धोक्याची कामे सोडून बाकी दारे उघडी. म्हणजे ज्या वर्षी सरकार शाळेच्या दारावरचा हात काढून घेते त्याच वर्षी ते गॅरेजच्या दाराची कडी काढते. जेवण गेले, पुस्तके गेली, शाळा लांब गेली, आणि पोराच्या अंगात काम करण्याची ताकद आली, ही चारही एकाच उन्हाळ्यात. मग जूनमध्ये नववीच्या वर्गात बाके रिकामी दिसली तर नवल कसले?

शिष्यवृत्तीचीही कथा ऐका. सच्चर समितीनंतर, २००८ साली, अल्पसंख्याक मुलांसाठी पहिली ते दहावीपर्यंत शिष्यवृत्ती सुरू झाली. लहान वर्गांना रक्कम वर्षाकाठी हजार रुपये. हजार रुपयांत काय होते, असे आपल्यापैकी सुखवस्तू मंडळी म्हणतील. दोन गणवेश होतात, बूट होतात आणि थोड्या वह्या होतात. म्हणजेच ज्या कारणासाठी मूल जूनचे पहिले पंधरा दिवस शाळेत जायला लाजते ते कारण नाहीसे होते. २०२२ च्या नोव्हेंबरात ती नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. कारण असे दिले की आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्याने मोफतच आहे. मोफत या शब्दाचा अर्थ दिल्लीत निराळा आणि काशेवाडीत निराळा असावा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली.

सरकारला बोल लावणे सोपे आहे आणि लावलाही पाहिजे. पण ही स्मरणिका सरकार वाचणार नाही, आपण वाचणार आहोत. म्हणून आता थोडे आपल्याविषयी, आणि ते कडू लागले तर क्षमा असावी.

शिक्षण हक्क कायद्यात खाजगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित मुलांना द्याव्यात असे कलम आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना त्यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैत रद्द केली. त्या निकालाने आपल्याला आनंद झाला. परंतु ६ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या संस्था या कायद्याच्या बाहेर ठेवल्या आहेत, त्याचाही आपल्याला आनंद झाला होता. संविधानाच्या तिसाव्या कलमाने दिलेला अधिकार जपला पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. तो अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. पण त्या अधिकाराच्या सावलीत बसले आहे कोण? राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील अल्पसंख्याक शाळांत दुर्बल घटकांतील मुले शेकडा नऊही नाहीत असे म्हटले आहे. त्या आयोगाच्या हेतूविषयी कोणी काहीही म्हणो, आपल्या दाखलारजिस्टरांविषयी आपण काय म्हणणार? २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालाविषयी शंका व्यक्त करून मोठ्या पीठाने विचार करावा असे सुचविले. ते प्रकरण महाराष्ट्रातील एका अंजुमनच्याच नावाचे आहे. निकाल लागायचा तो लागेल. कायद्याने भाग पाडेपर्यंत थांबायचे की आपल्या इंग्रजी शाळेतल्या चौथ्या बाकावर मोमीनपुऱ्यातला पोर आज बसवायचा, हे मात्र न्यायालय ठरविणार नाही. विश्वस्त मंडळींना हे ठरविण्यासाठी एक बैठक पुरेल.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. पैसा आहे. पुण्यात रमजानमध्ये जकातीच्या रूपाने जी रक्कम हातातून हातात जाते ती थोडी नाही. पण तिची एक अडचण आहे आणि ती श्रद्धेची नाही, पंचांगाची आहे. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे. रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये, ऐन शाळा उघडताना आला होता. २०२५ साली मार्चच्या आरंभी आला. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात तो दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. शाळेची फी मात्र जूनची जूनलाच राहते. मार्चमध्ये मिळालेले दोन हजार रुपये जूनपर्यंत गरिबाच्या घरात टिकतील, ही अपेक्षा करणेही चूक आहे. मध्ये कोणाचा ताप येतो, कोणाचे भाडे थकते. आपण जकात देतो ती बहुतेक धान्याच्या पिशव्यांच्या रूपाने देतो. पिशवी दिली पाहिजे, नाही म्हणत नाही. पण पिशवीचे छायाचित्र निघते आणि नववीच्या फीचे निघत नाही, हेही एक कारण असावे असा माझा संशय आहे.

उलेमांचे म्हणणे असे की जकात गरजवंताच्या मालकीची झाली पाहिजे. इमारतीला, पंख्यांना, संमेलनाच्या मंडपाला ती चालत नाही, असे बहुतेकांचे मत. बरेच झाले. विद्यार्थ्याच्या हाती दिलेली रक्कम या अटीत बसते. तेव्हा संस्थेने रमजानमध्ये घ्यावी, गरजू विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या आईच्या बँकखात्यात जूनमध्ये, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि परीक्षेआधी अशी तीन वेळा द्यावी. मौलवीसाहेबांना विचारून नियम करावेत. आणि त्याच बाकावर शेजारी वडाराचा, मातंगाचा मुलगा बसलेला असेल तर त्याच्यासाठी लिल्लाहची, सदक्याची वेगळी पेटी ठेवावी. फुल्यांना गंज पेठेत जागा देताना उस्मान शेखांनी त्यांची जात विचारली नव्हती.

सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या लढाईनंतरची हकीकत येते, ती आपल्याला माहीत आहे. पकडलेल्या कैद्यांनी खंडणी देऊन सुटावे असे ठरले. ज्यांच्यापाशी द्यायला काही नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, अशी मुभा हुजूरांनी दिली. ही गोष्ट इल्मची महती सांगण्यासाठी वापरली जाते. मला तिच्यात आणखी एक दिसते. मदिनेच्या मुलांकडून त्या शिकवणीची फी कोणी मागितली नाही. तिचे मोल आधीच कोणी तरी, खंडणी सोडून देऊन, चुकते केले होते.

पैशाव्यतिरिक्त एक अडथळा आहे, कागदाचा. पंचवीस टक्क्यांच्या सोडतीसाठी, शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, प्रत्येक ठिकाणी उत्पन्नाचा दाखला लागतो, रहिवासाचा पुरावा लागतो, जन्माचा दाखला लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालक करार करून देत नाही. भंगार गोळा करणाऱ्याला त्याचे उत्पन्न लिहून देणारा मालकच नाही. दाखल्यासाठी एक दिवस सेतू केंद्राच्या रांगेत जातो, म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते. नावाच्या स्पेलिंगात एक अक्षर चुकले की दुसऱ्या दिवसाची. ज्याच्यापाशी गरिबी सिद्ध करण्याइतका वेळ आणि कागद आहेत तो पुष्कळदा तितका गरीब नसतोच. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या मार्चनंतर, शाळा मोबाइलवर भरू लागल्या तेव्हाही हेच झाले. घरात फोन एक, तोही रिक्षा चालविणाऱ्या बापाच्या खिशात. आणि शाळेच्या दप्तरी मुलगा 'ऑनलाइन गैरहजर'. त्या दीड-दोन वर्षांत गेलेली मुले पुढे परत आली का, हे आपल्या प्रत्येक शाळेने आपापला पट काढून पाहावे.

संस्थेत निवृत्त कारकून आहेत, बँकेतून निवृत्त झालेले बुजुर्ग आहेत, संगणकावर बोटे झरझर चालणारे कॉलेजातले विद्यार्थी आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मोहल्ल्यात टेबल मांडून बसावे. अर्ज भरून द्यावेत, आधारकार्डावरचे नाव आणि शाळेतले नाव जुळते की नाही ते पाहून द्यावे. याला देणगी लागत नाही, मंडप लागत नाही, पाहुणा लागत नाही.

आणि मुन्शी गफ्फार बेग यांचे काम तर अजून शिल्लकच आहे. आठवीचा निकाल एप्रिल-मेमध्ये लागतो. आठवी पास झालेल्या मुलामुलींची यादी, पत्त्यासह, प्रत्येक शाळेच्या कार्यालयात असते. जूनमध्ये नववीला कोण आले नाही हे पाहून हळहळण्यापेक्षा ती यादी मे महिन्यातच दोघा-दोघा शिक्षकांनी वाटून घ्यावी. पुढच्या शाळेत नाव घातले का, नसल्यास का नाही, फी अडते आहे की बसभाडे, की घरात लहान मूल आहे, हे विचारून लिहून आणावे, आणि ते कागद रमजानच्या निधीच्या हिशेबाशेजारी ठेवावेत. घरी जाल तेव्हा संध्याकाळी सातनंतर जा. त्याआधी बाप घरी सापडत नाही.